एकाच संघांतील दोन विजय

दोन मल्ल आखाड्यांत समोरासमोर उतरले म्हणजे त्यांच्यांत थोर कोण, हें ठरविण्यास पंडिताची गरज लागत नाहीं. ज्याची पाठ मातीस लागली तो हरला. बघ्यांची खात्री पटते आणि वाद मिटतो. परंतु दोन कसलेले गडी एकाच बाजूनें खेळत असले म्हणजे त्यांच्यांतील चढाओढीचा निकाल कसा लावावयाचा, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. ते एकमेकांस हरवूं शकत नाहींत. कारण एकाचें यश तें दुसऱ्याचेंही यश असतें. तरीही ते एकमेकांकडे पाहूनच स्वतःची उंची मोजीत असतात. परका प्रतिस्पर्धी निराळ्या आयुधांनीं लढतो. सोबत्याचीं आयुधें मात्र आपल्यासारखींच असतात. म्हणून त्याच्याशीं होणारी तुलना कोणास टाळतां येत नाहीं.

ही गोष्ट सर्वांत उघडपणें दिसते ती मोटारसायकलींच्या ग्रां प्री शर्यतींत. तेथें एका कारखान्याच्या संघांत बहुधा दोन स्वार असतात. दुसऱ्या कारखान्याचा स्वार पुढें गेला तर त्याचें यंत्र अधिक जोरकस होतें, अशी सबब सांगतां येते. सोबतचा स्वार पुढें गेला तर ती सबब उरत नाहीं. इटलीचा व्हॅलेंटिनो रॉसी आणि स्पेनचा होर्हे लोरेन्झो हे दोघे २००८ सालीं यामाहाच्या संघांत एकत्र आले. त्या वर्षीं दोघांचे टायर निराळ्या कंपन्यांचे होते, आणि एकाची माहिती दुसऱ्याकडे जाऊं नये म्हणून दोघांच्या जागांमध्यें आडभिंत घालण्यांत आली. पुढच्या वर्षीं टायर एकाच कंपनीचे झाले, पण भिंत राहिलीच. २००९ सालीं रॉसी जगज्जेता झाला, २०१० सालीं लोरेन्झो झाला. आणि त्या हंगामाअखेर रॉसी संघ सोडून गेला. दोन वर्षांनीं तो परत आला, तेव्हां पुन्हां तीच चढाओढ सुरू झाली. २०१५ सालचें अजिंक्यपद लोरेन्झोनें त्याच्याहून अवघे पांच गुण अधिक मिळवून जिंकलें.

असें उदाहरण शोधण्यासाठीं मराठी माणसास मात्र इटली-स्पेनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. नागपुरास क्रिकेटचें वेड नवें नाहीं. भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे १८९५ सालीं याच शहरांत जन्मले. आणि विदर्भाच्या संघानें २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक आपल्याकडे आणला. धंतोलीसारख्या वस्तींत आजोबा आणि नातू यांचें एकमत ज्या थोड्या विषयांवर होत नाहीं, त्यांत 'थोर फलंदाज कोण' हा एक विषय हमखास असतो. त्या वादांत जुन्या पिढीच्या तोंडीं दोन नांवें जोडीनें येतात : विजय मर्चंट आणि विजय हजारे. आज या दोघांच्या नांवानें दोन करंडक खेळले जातात. सोळा वर्षांखालील मुलांचा करंडक मर्चंट यांच्या नांवाचा आहे, आणि एकदिवसीय सामन्यांचा हजारे यांच्या नांवाचा. करंडकांवरील हीं नांवें ज्या माणसांचीं, त्यांची चढाओढ कशी होती आणि तिनें देशाच्या खेळास काय दिलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

दोघांचीं घरें अगदीं भिन्न. मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजीं मुंबईस गिरणीमालक ठाकरसी घराण्यांत झाला. 'मर्चंट' हें त्यांचें आडनांवच नव्हे. शाळेंत इंग्रज मुख्याध्यापकांनीं नांव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला असतां त्यांनीं सांगितलेला व्यवसायच आडनांव म्हणून नोंदला गेला, असें सांगतात. हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. वडील शिक्षक, घर ख्रिस्ती, भावंडें आठ. एकाच्या घरीं संपत्ति, दुसऱ्याच्या घरीं काटकसर. हजारे यांस आश्रय मिळाला तो संस्थानिकांचा. प्रथम देवासचा आणि पुढें बडोद्याचा. देवासच्या महाराजांमुळेंच ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचें मार्गदर्शन त्यांस लाभलें.

खेळण्याची ढबही तशीच निराळी. मर्चंट हे सलामीचे फलंदाज. अंगानें लहानखुरे, पण पायांची हालचाल इतकी नेमकी कीं चेंडू कोठें पडणार हें त्यांस जणूं आधींच ठाऊक असावें. चेंडू अगदीं शेवटच्या क्षणापर्यंत येऊं द्यावा आणि मग तो यष्टिरक्षकाच्या बाजूनें हळूच कापावा, हा त्यांचा आवडता फटका. चेंडू हवेंत उंच मारण्याचा मोह ते कटाक्षानें टाळीत. हजारे यांचें उभें राहणें मात्र पाहणाऱ्यास अवघडलेलें वाटे. दोन पायांच्या मध्यें धरलेली फळी पाहून हा मनुष्य चेंडू कसा खेळणार, असा प्रश्न पडे. पण चेंडू सुटला कीं तीच फळी सरळ रेषेंत खालीं येई आणि चेंडू क्षेत्ररक्षकांमधून सीमेकडे जाई. मर्चंट यांचा खेळ सोनाराच्या कामासारखा नाजूक होता, तर हजारे यांचा गवंड्याच्या कामासारखा : विटेवर वीट, आणि भिंत ओळंब्यांत. शिवाय हजारे मध्यमगति गोलंदाजीही करीत. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनीं ५९५ बळी घेतले.

या दोघांची चढाओढ पेटली ती मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत. आज त्या सामन्यांचें स्वरूप सांगितलें तर नव्या पिढीस नवल वाटेल. तेथें संघ प्रांतांचे नव्हते, धर्मांचे होते : युरोपियन, पारशी, हिंदु, मुसलमान, आणि १९३७ पासून 'इतर'. या शेवटच्या संघांत ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध अशा साऱ्यांची सोय लावलेली. खेळाडूनें कोणाकडून खेळावें हें त्याच्या गुणांवर नव्हे, जन्मावर ठरे. म्हणून मर्चंट हिंदु संघांत आणि हजारे 'इतरां'च्या संघांत, ही वांटणी अटळ होती. महात्मा गांधींनीं १९४० च्या डिसेंबरांत अशा जातवार सामन्यांविषयीं उघड नापसंती दर्शविली होती. तरीही लोक गर्दी करीतच होते.

१९४१ च्या हंगामांत मर्चंट यांनीं मुसलमान संघाविरुद्ध नाबाद २४३ धांवा केल्या होत्या. १९४३ च्या हंगामांत त्याच संघाविरुद्ध हजारे यांनीं २४८ धांवा केल्या, आणि तो विक्रम पांच धांवांनीं मागें पडला. मग ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला तो हिंदु आणि 'इतर' यांचा. मर्चंट यांनीं नाबाद २५० धांवा केल्या. दोनच धांवा अधिक, पण विक्रम पुन्हां त्यांच्याकडे आला. हिंदु संघानें ५ बाद ५८१ वर डाव सोडला. 'इतरां'चा पहिला डाव १३३ धांवांत आटोपला आणि त्यांच्यावर लगेच दुसरा डाव खेळण्याची पाळी आली. या दुसऱ्या डावांत हजारे यांनीं जें केलें त्यास क्रिकेटच्या इतिहासांत फारशी जोड नाहीं. संघाच्या एकूण ३८७ धांवांपैकीं ३०९ त्यांच्या एकट्याच्या. म्हणजे शंभरांतल्या जवळजवळ ऐंशी. सहाव्या गड्यासाठीं त्यांनीं आपले बंधु विवेक यांच्यासह ३०० धांवांची भर घातली. तींत विवेक यांचा वांटा अवघा २१ धांवांचा होता. धाकटा भाऊ चेंडू अडवीत उभा आणि थोरला धांवा काढीत, असें तें दृश्य. एवढें होऊनही 'इतर' एक डाव व ६१ धांवांनीं हरले. हजारे यांनीं विक्रम जिंकला आणि सामना गमावला.

चढाओढ येथेंच थांबली नाहीं. त्याच हंगामांत रणजी सामन्यांत महाराष्ट्राविरुद्ध मुंबईकडून खेळतांना मर्चंट यांनीं नाबाद ३५९ धांवा केल्या. हजारे यांनीं १९३९-४० च्या हंगामांत पुण्यास महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या होत्या. तोही आंकडा मागें पडला. २४३, २४८, २५०, ३०९, ३५९ : हे आंकडे ओळीनें मांडले म्हणजे ती एक शिडीच दिसते. तिच्या एका पायरीवर एकाचें पाऊल, पुढच्या पायरीवर दुसऱ्याचें. मर्चंट नसते तर हजारे २४८ वर समाधान मानते कदाचित्, आणि हजारे नसते तर मर्चंट २४३ वर. चढाओढीचा पहिला लाभ हा कीं ती समाधानास जागा ठेवीत नाहीं.

पण प्रतिस्पर्धी म्हणून खेळणें वेगळें आणि सोबती म्हणून खेळणें वेगळें. सोबत्यांमधली ईर्षा विषारी झाली तर काय होतें याची चुणूक मर्चंट यांस आधींच मिळाली होती. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार होते, आणि संघांत तट पडले होते. मँचेस्टरच्या कसोटी सामन्यांत मर्चंट यांस मुद्दाम धांवचीत करावें असें मुश्ताक अली यांस कर्णधारानेंच सुचविलें, अशी कथा क्रिकेटच्या इतिहासांत सांगितली जाते. मुश्ताक अली यांनीं ती गोष्ट मर्चंट यांच्याच कानीं घातली, आणि दोघांनीं हंसत हंसत सलामीला २०३ धांवा जोडल्या. मर्चंट यांच्या ११४ आणि मुश्ताक अली यांच्या ११२. ईर्षेचें विष खेळपट्टीवर कसें उतरवावें, याचा तो धडाच होय.

१९४६ सालीं भारतीय संघ पुन्हां इंग्लंडास गेला तेव्हां थोरले पतौडी कर्णधार आणि मर्चंट उपकर्णधार होते. याच दौऱ्यांत, लॉर्ड्‌सवर, हजारे यांनीं आपला पहिला कसोटी सामना खेळला. वय ३१ वर्षांचें. महायुद्धानें दोघांचींही ऐन उमेदीचीं वर्षें कसोटी क्रिकेटपुरतीं खाल्लीं होतीं. मर्चंट यांनीं त्या दौऱ्यांत ७४.५३ च्या सरासरीनें २,३८५ धांवा केल्या; हजारे यांनीं हजाराहून अधिक धांवा केल्या आणि पन्नासाहून अधिक बळी घेतले. पंचरंगींत धर्मानें दुरावलेले दोघे देशाच्या संघांत एकाच धांवफलकावर आले. पंचरंगी सामनेही त्याच वर्षीं बंद पडले. ते बंद पडावे असें वाटणाऱ्यांस यापेक्षां बोलकें प्रमाण नको होतें.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठीं कर्णधार म्हणून निवड मर्चंट यांची झाली होती. पण प्रकृतीमुळें ते जाऊं शकले नाहींत. त्यांच्या गैरहजेरींत फलंदाजीचा भार वाहिला तो हजारे यांनीं. ॲडलेडच्या सामन्यांत ब्रॅडमननें २०१ धांवा केल्या आणि ऑस्ट्रेलियानें ६७४ धांवांचा डोंगर रचला. उत्तरादाखल हजारे यांनीं पहिल्या डावांत ११६ आणि दुसऱ्या डावांत १४५ धांवा केल्या. दुसऱ्या डावांत लिंडवॉलनें ३८ धांवांत ७ बळी घेतले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या १४५ धांवांचें मोल कळतें. एकाच कसोटींत दोन शतकें करणारे ते पहिले भारतीय ठरले. आणि १४५ हा कोणाही भारतीयाचा कसोटींतला सर्वांत मोठा आंकडा ठरला.

या चढाओढीचा कळस दिल्लीस १९५१ च्या नोव्हेंबरांत झाला. इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी. कर्णधार हजारे, त्यांचा कर्णधार म्हणून पहिलाच सामना. मर्चंट चाळीस वर्षांचे; पांच वर्षांनंतर पुन्हां कसोटींत, आणि तेंही वयानें लहान असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाताखालीं. इंग्लंडचा डाव २०३ धांवांत संपला. मग दोघांनीं मिळून तिसऱ्या गड्यासाठीं २११ धांवा जोडल्या. मर्चंट यांनीं १५४ धांवा केल्या आणि हजारे यांचा १४५ चा विक्रम मोडला. तो मोडला जात असतांना दुसऱ्या टोकास हजारे स्वतः उभे होते! मर्चंट बाद झाल्यावर हजारे खेळत राहिले आणि नाबाद १६४ धांवा करून त्यांनीं तो विक्रम त्याच डावांत परत मिळविला. ६ बाद ४१८ वर डाव सोडण्यांत आला. तथापि इंग्लंडनें दुसऱ्या डावांत चिकाटीनें खेळून सामना अनिर्णित राखला. विक्रम दोन झाले, मैदानावर विजयही दोन होते, पण विजय मिळाला नाहीं.

याच सामन्यांत क्षेत्ररक्षण करतांना मर्चंट यांच्या खांद्यास दुखापत झाली, आणि त्यांनीं कसोटी क्रिकेटचा निरोप घेतला. शेवटच्या कसोटी डावांत १५४ धांवा आणि वय चाळीस! या वयांत कसोटी शतक काढणारा दुसरा भारतीय अद्याप झालेला नाहीं.

भारताचा पहिला कसोटी विजय त्याच मालिकेंत, १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रासेस मिळाला. कर्णधार हजारे होते. पण शतकें पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांचीं होतीं, आणि इंग्लंडचे बारा बळी विनू मंकड यांचे होते. संघ जिंकतो तो बहुतांच्या हातभारानें, दोघांच्या चढाओढीनें नव्हे, हें त्या सामन्यानें दाखवून दिलें.

आतां तुलनेचा प्रश्न. कसोटी सामन्यांत मर्चंट यांची सरासरी ४७.७२, आणि हजारे यांची ४७.६५. फरक एका धांवेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! परंतु सरासरी म्हणजे केवळ भागाकार. त्यामागची बेरीज पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाहीं. मर्चंट यांनीं दहा कसोटी सामन्यांत १८ डाव खेळून ८५९ धांवा केल्या. हे दहा सामने १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांत पांगलेले, आणि सगळे इंग्लंडविरुद्धचे. हजारे यांनीं ३० सामन्यांत ५२ डाव खेळून २,१९२ धांवा केल्या. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज आणि पाकिस्तान या चारही देशांविरुद्ध. म्हणजे तीच सरासरी हजारे यांनीं तिपटीनें अधिक सामन्यांत आणि अनेक देशांच्या गोलंदाजांपुढें टिकविली. उलट प्रथम दर्जाच्या सामन्यांत मर्चंट यांची सरासरी ७१.६४ आणि हजारे यांची ५८.३८. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत मर्चंट यांच्या वर एकटा ब्रॅडमन आहे. पण या तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत हजारे यांचे ते ५९५ बळीही घातले पाहिजेत. दिवसभर गोलंदाजी करून दमलेला मनुष्य फलंदाजीस उतरतो, तेव्हां त्याच्या धांवांचें वजन निराळें असतें.

आणखी एक ओझें हजारे यांच्या खांद्यावर होतें, तें कर्णधारपदाचें. दिल्लीनंतर मुंबईच्या कसोटींत त्यांनीं १५५ धांवा केल्या. पण त्यानंतर कर्णधार असतांना त्यांच्या हातून एकही कसोटी शतक झालें नाहीं. १९५२ सालीं पाकिस्तानविरुद्ध कर्णधारपद अमरनाथ यांच्याकडे गेलें, आणि हजारे यांनीं मुंबईस नाबाद १४६ धांवा केल्या. कर्णधारपद नसतें तर हजारे हे भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज ठरले असते, अशा अर्थाचें मत पुढें व्यक्त झालें आहे. तें मत कोणाचें? खुद्द विजय मर्चंट यांचें. ज्याच्या नांवावरचे विक्रम हजारे यांनीं पुनःपुन्हां पुसले, त्यानेंच त्यांच्या उणेपणाचें कारण त्यांच्या गुणांत नव्हे तर ओझ्यांत शोधावें, यांत प्रतिस्पर्ध्याची खरी खानदानी दिसते.

मर्चंट पुढें निवडसमितीचे अध्यक्ष झाले, आकाशवाणीवरील त्यांचा 'क्रिकेट विथ विजय मर्चंट' हा कार्यक्रम रविवारीं दुपारीं घरोघरीं ऐकला जाई, आणि अपंगांच्या सेवेंत त्यांनीं उत्तरायुष्य वेंचलें. १९८७ च्या ऑक्टोबरांत ते निवर्तले. हजारे बडोद्यासच राहिले आणि २००४ च्या डिसेंबरांत तेथेंच निवर्तले.

श्रेष्ठ कोण, याचा निकाल देण्याचा आग्रह धरला तर एवढेंच म्हणतां येईल कीं, मुंबईच्या मैदानावर पूर्ण तयारीनें उतरलेला मर्चंट अजोड होता. आणि परक्या मुलखांत, संघ कोलमडत असतां, हजारे यांच्याइतका भरंवशाचा गडी दुसरा नव्हता. परंतु या दोघांच्या गोष्टींत निकालाहून महत्त्वाचें असें कांहीं आहे. यामाहाच्या दोन स्वारांमध्यें भिंत घातली गेली; ती यंत्राची आणि माणसांनीं बांधलेली. मर्चंट आणि हजारे यांच्यांतली भिंत धर्माची होती, आणि ती तर जन्मापासूनची. तरी दोघे एकाच खेळपट्टीच्या दोन टोकांस उभे राहिले, तेव्हां एकानें धांव घेण्यासाठीं हांक दिली कीं दुसऱ्यास धांवावेंच लागलें. तेथें भिंत असती तर एकही धांव निघाली नसती.